बॅटरीचं पाणी

आमच्या वडूजच्या विहिरीचं पाणी दिसायला फार देखणं होतं. उन्हं डोक्यावर आली की तळाला पडलेला गंजका पोहरा वरून स्पष्ट दिसायचा. पण त्या पाण्यात डाळ शिजत नसे. आई सकाळी तूर चुलीवर चढवायची आणि दुपारी आम्ही पाटावर बसलो तरी दाणा बोटाला टणकच लागायचा. त्यामुळे आमच्या घरी हुलग्याचं माडगं, पिठलं, झुणका असलं पिठाचंच जास्त. डाळ सणासुदीला, तीही सोड्याची चिमूट टाकून. साबणाला फेस येत नसे, न्हालेले केस सुंभासारखे होत, आणि हंड्याच्या आत पांढरा थर साचे. आजी म्हणायची, हिच्या हाताला डाळच शिजत न्हाई. दादा, म्हणजे माझे वडील, फौजेत हवालदार होते. सुटीवर आले की अंगणात बसून खिळ्यानं तो थर खरवडायचे आणि आजीला ऐकू जाईल अशा बेतानं आईला म्हणायचे, "पान्यात चुना हाय. तुझ्या हाताला काय झालं न्हाई." पाण्यात न दिसणारं काहीतरी असतं आणि त्याचा बोल माणसावर येतो, हे मला रसायनशास्त्राच्या आधी असं समजलं.

कॉलेजसाठी मला सांगलीला आत्याकडे ठेवलं. आत्याचे यजमान हळदीच्या अडतीवर होते. घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. हळकुंडं घासायचे मोठे पिंप दिवसभर गडगडत असायचे आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या लुगड्याला संध्याकाळपर्यंत पिवळी झाक यायची. पहिल्या दिवशी आत्यानं वरण केलं. मी पळीनं वाढून घेतलं तर त्यात डाळीचा दाणाच नाही, सगळं एकजीव होऊन गेलेलं. "कितीदा घोटलंस गं?" मी विचारलं. आत्या हसली. "घोटायला कशाला लागतंय? किस्नेचं पानी हाय." पण त्याच कृष्णेचं पाणी पावसाळ्यात चहासारखं लाल यायचं. मग आत्या घागरीत तुरटीचा खडा फिरवायची आणि घागर कोपऱ्यात ठेवून द्यायची. सकाळी वरचं पाणी हलक्या हातानं ओतून घ्यायचं, खालचा गाळ तुळशीला. आमच्याकडचं पाणी नितळ पण जड, इथलं हलकं पण गढूळ. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

आत्याच्या भिंतीला भिंत लागून दस्तगीरचाचांचं घर होतं. पुढं बॅटरीचं दुकान, मागं दोन खोल्या आणि परसू. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, जीपच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असत आणि त्यांची बारीक गुणगुण आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. भोकं नसलेला चाचांचा एकही सदरा मी पाहिला नाही. अॅसिडचा थेंब उडाला की धुतल्यावर तिथं भोक. हमीदाचाची ती भोकं बघून म्हणायची, "ह्या माणसाला नवा सदरा घेऊन काय उपयोग? चाळणीच घालावी." मूलबाळ नव्हतं त्यांना. चाचीनं मला आल्या दिवसापासून ताब्यात घेतलं. ईदचा शिरखुर्मा, शुक्रवारी मुगाच्या डाळीची खिचडी, आणि दुपारच्या चहाबरोबर कांदा-मिरची घालून कालवलेलं भडंग. आत्याला कधी कधी हेवा वाटायचा. "जेवायला कुठं बसणार हायस ते तरी सांग," म्हणायची.

बॅटरीत भरायला शुद्ध पाणी लागतं. त्यात क्षार असले की बॅटरी मरते. ते पाणी चाचांच्या परसात तयार व्हायचं. भुशाच्या मोठ्या शेगडीवर तांब्याचं बंद भांडं, त्याच्या तोंडातून निघालेली नळी थंड पाण्याच्या पिंपातून फिरवलेली, आणि नळीच्या टोकाला थेंब थेंब भरणारी बाटली. शेगडी पेटती ठेवणं चाचीचं काम. लाकडाचा भुसा ठासायचा, विझत आला की फुंकायचा. ओला भुसा मिळाला तर परसात माणूस दिसेनासा व्हायचा. चाचीला खोकला होता. साधा खोकला नव्हे. बोलता बोलता वाक्य मध्येच तुटायचं, ती भिंतीला हात लावून उभी राहायची, आणि पुन्हा श्वास मिळाला की वाक्य तिथूनच पुढं चालू करायची, जणू काही झालंच नाही. डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून सांगितलं होतं. चाचा सांगायचे, "धूर बंद म्हंजी दुकान बंद, बेटी."

दुसऱ्या वर्षापासून आम्हाला मिरजकर सर होते. उंच, किंचित वाकलेले, बोलताना खडू कानाला लावायची सवय. त्यांच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एकमेकींना जोडलेल्या दोन काचेच्या नळ्या उभ्या होत्या, आत मधासारख्या रंगाचे बारीक मणी, राजगिऱ्याएवढे. वरून साधं पाणी ओतायचं, खालून ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून थंड केलेल्या, पाण्याच्या तोडीचं पाणी निघायचं. विस्तव नाही, वाफ नाही. सर म्हणाले, "याला आयन-विनिमय रेझिन म्हणतात. पाण्यात विरघळलेले क्षार म्हणजे विद्युतभार असलेले कण. पहिल्या नळीतले मणी धनभाराचे कण धरून ठेवतात, दुसरीतले ऋणभाराचे. बदल्यात जे सोडतात त्याचं मिळून पुन्हा पाणीच होतं. मणी भरून गेले की अॅसिडनं आणि कॉस्टिक सोड्यानं धुवायचे, पुन्हा रिकामे." वर्गातल्या बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं. मला फक्त परसातली शेगडी दिसत होती.

चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आगीबिगर पानी शुद्ध व्हतंय व्हय? कुणी सांगितलं तुला?"

"सरांनी करून दाखवलं."

"दाखवलं म्हंजी काय? बत्ती लावून बघितली?"

बत्ती म्हणजे चाचांची कसोटी. बल्बाला जोडलेल्या दोन तारा पाण्यात सोडायच्या. पाण्यात क्षार असले तर बल्ब मिणमिणतो, शुद्ध असेल तर पेटत नाही. मी सरांच्या परवानगीनं एक बाटली भरून आणली. चाचांनी तारा सोडल्या. बल्ब काळाच राहिला. त्यांनी बल्ब काढून दुसरा लावला, तारा पुसल्या, पुन्हा सोडल्या. मग मिठाच्या पाण्यात घालून पाहिलं, तिथं लखलखीत पेटला. "या अल्ला," ते म्हणाले आणि परसाकडे वळून ओरडले, "आगं, भाईर ये. हे बघ."

चाचांच्या मेहुण्यानं पुण्याहून रेझिन आणून दिलं. सरांनी कॉलेजच्या अडगळीतल्या लांब नळ्या शोधून दिल्या आणि एका रविवारी स्वतः येऊन लाकडी चौकटीत त्या बसवल्या. शेगडी थंड झाली. त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात चाची परसात तांदूळ निवडत बसलेली मी कितीदा तरी पाहिली. ज्या जागी धुरानं भिंत काळी झाली होती तिथं तिनं चुना मारून घेतला आणि कोपऱ्यात मोगरा लावला.

मग पावसाळा आला. चाचांचं पाणी हातगाडीवरच्या पिंपांतून नदीवरून यायचं, ते लाल होऊन आलं. तुरटी फिरवून घागरभर पाणी निवळतं, पण दुकानाला पिंपंच्या पिंपं लागायची आणि तितकी रात्रभर निवळत ठेवायला जागा नव्हती. वर वर निवळलेलं दिसणारं पाणी चाचा नळीत ओतायचे, त्यातला बारीक चिखल मण्यांवर बसत गेला. आधी धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाही. जे थोडं उतरलं त्यात बल्ब पेटला. एका सकाळी जाग आली ती खोकल्यानं. मी परसाच्या भिंतीवरून पाहिलं. मोगऱ्याची कुंडी बाजूला सरकवून शेगडी पुन्हा मांडली होती आणि चाची फुंकणी घेऊन वाकली होती. मला पाहून ती हसली. "चार म्हैने तर हायत पावसाचे," म्हणाली, आणि वाक्य तुटलं.

कुणी मला बोल लावला नाही. त्यानंच मला जास्त वाईट वाटायचं. त्या दिवसांत मी जेवायला आत्याकडेच बसायला लागले. आत्यानं दोनचारदा पाहिलं आणि मग माझ्यापुढं ताट न ठेवता म्हणाली, "तिकडं जा. ती वाट बघती. तोंड लपवल्यानं तिचा खोकला जाणार हाय व्हय?" मी गेले. चाचीनं काही न विचारता ताटात खिचडी वाढली आणि वर तूप घातलं.

त्याच सुमारास माझा कॉलेजातला प्रकल्पही बुडाला. सरांनी मला स्वतः रेझिन तयार करून बघायला सांगितलं होतं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुटक्या कंगव्यांचे आणि पेनांच्या नळ्यांचे तुकडे मी गोळा केले, कुटून भुकटी केली आणि सरांच्या देखरेखीखाली तीव्र गंधकाम्लाबरोबर तापवली. अॅसिड चाचांच्याच दुकानातलं. या क्रियेनं प्लॅस्टिकच्या लांब साखळीला जागोजाग भार धरणारे गट चिकटतात, हे मी पाठ केलं होतं. आता ही भुकटी पाण्यात धुवायची की झालं माझं रेझिन. मी ती पाण्यात टाकली, ढवळली, आणि बघता बघता ती नाहीशी झाली. गाळण कागदावर काहीच उरलं नाही. चंचुपात्रात राहिलं ते भेंडीच्या बुळबुळीत रसासारखं दाट पाणी. मी ते घेऊन सरांच्या टेबलाशी गेले. बोलायला गेले तर रडूच आलं. सगळं एकदमच आलं, कंगवे आणि चाची आणि तो मोगरा.

सरांनी मला रडू दिलं. मग काचेची कांडी त्यात बुडवून वर उचलली. कांडीला लांब तार लागली. "हे वाया गेलेलं नाही," ते म्हणाले. "शालन, तुमच्या घरी गोधडी आहे ना? ती पाण्यात बुडवली तर काय होतं?"

"फुगते. जड होते."

"विरघळते का?"

"नाही."

"का नाही? कारण तिला आडवे-उभे टाके घातलेले आहेत. टाके उसवून सगळे दोरे मोकळे पाण्यात सोडले तर?"

"तर पाण्यात पसरतील."

"रेझिनचा प्रत्येक मणी म्हणजे टाके घातलेली गोधडी. साखळ्या एकमेकींना बांधलेल्या. पाणी आत शिरतं, ती फुगते, पण जागची हलत नाही. टाके घालायला जे दुसरं रसायन लागतं ते आपल्याकडे नव्हतं. त्यामुळे तुझ्या साखळ्या मोकळ्या राहिल्या. भार तेच, गट तेच. नुसती बांधणी नाही. अशा मोकळ्या भारित साखळीला पॉलिइलेक्ट्रोलाइट म्हणतात. तू मागितलंस एक आणि तयार केलंस त्याचं सख्खं भावंड."

सरांना हे आधीपासून ठाऊक होतं का? इतक्या वर्षांनी मला खात्रीच वाटते की होतं. त्यांनी सांगितलं असतं तर मी वहीत उतरवलं असतं आणि विसरले असते. मागच्या महिन्यात माझ्या पणतीला पाहायला गेले होते. तिच्या आईनं बदललेलं डायपर हातात घेतलं तर फुगून दगडासारखं जड झालेलं. आतल्या भुकटीत थोडेच टाके घातलेल्या अशाच साखळ्या असतात. मी तिथंच सांगायला लागले. नातसून म्हणाली, "आजी, आधी हात धुवा."

तर मी डोळे पुसले आणि विचारलं, "पण सर, मोकळ्या साखळीचा उपयोग काय?"

"मणी जागेवर उभे राहून येणाऱ्याला धरतात. मोकळी साखळी फिरून गोळा करते. एक लांब दोरा, त्याला इकडे एक चिखलाचा कण, तिकडे दुसरा. पुंजके होतात आणि जड होऊन खाली बसतात. नदीवरून एक बाटली गढूळ पाणी घेऊन ये उद्या."

मी बादलीच घेऊन गेले. नुसता माझा रस घातला तर काही झालं नाही. सर म्हणाले, चिखलाच्या कणावर आणि या साखळीवर सारखाच ऋणभार आहे, ते एकमेकांना दूर लोटणार, मध्ये जुळवून देणारा कुणीतरी हवा. मग आधी तुरटी, ती आत्या फिरवायची त्याहून थोडी, आणि मागून साखळीचे थेंब. एका ग्लासात मी उत्साहानं जास्त घातलं तर पाणी होतं त्याहून गढूळ झालं. सर म्हणाले, "सगळ्या कणांनी साखळ्या पांघरून घेतल्या. आता कोण कुणाला चिकटणार?" शेवटी एका ग्लासात मोजके थेंब पडले, मी हलकेच ढवळलं, आणि लाल पाण्यात एकाएकी दूध फाटल्यासारखे गोळे दिसायला लागले. मोठमोठे पुंजके खाली उतरत गेले. सरांनी शिपायाला चहा सांगितला होता. तो येईपर्यंत वरचं पाणी नितळ झालं होतं. आत्याच्या घागरीला त्यासाठी रात्र लागायची.

"एक मात्र जपायचं," सर म्हणाले. "यातली उरलेली साखळी दुसऱ्या नळीपर्यंत पोचू द्यायची नाही. तिथले मणी विरुद्ध भाराचे आहेत. साखळी त्यांना एकदा बिलगली की सोडत नाही. म्हणून थेंब कमीत कमी, आणि मध्ये वाळूचा थर."

आम्ही दोघं चाचांच्या दुकानात गेलो. नळ्यांतून उलटं पाणी सोडून मणी उसळवले, चिखल वरून वाहून गेला. अॅसिडनं आणि कॉस्टिकनं धुतले. एका पिंपाला खालून हातभर वर तोटी बसवली, दुसऱ्यात नदीची धुतलेली वाळू भरली. चाचा थेंब घालायला कचरत होते. "बेटी, तूच घाल. तुझा हात हाय." मी तुरटीचं पाणी घातलं, मग थेंब, आणि लाकडी दांड्यानं ढवळलं. चाची दाराच्या चौकटीला धरून उभी होती. गाळ बसला. पाणी वाळूतून, मग दोन्ही नळ्यांतून उतरलं. चाचांनी तारा सोडल्या.

बल्ब पेटला नाही. चाची पुढं आली, तिनं माझ्या हातातली थेंबांची बाटली घेऊन नाकाशी धरली, तर्जनी बुडवून तार काढून पाहिली. "हे आन् नळीतलं मनी एकच?" तिनं सरांना विचारलं.

"एकाच घराण्यातलं."

"मग हे असं बुळबुळीत का?"

"याला बांधून ठेवलेलं नाही."

चाचीनं बोट पदराला पुसलं. "बांधलं तर चाळणीला बसतंय, सोडलं तर चिखलाला जातंय," ती म्हणाली. "दोगंबी कामाची हायत की मग." सरांनी खडू नसताना हात कानाकडे नेला आणि हसले. त्या संध्याकाळी चाचांनी शेगडी स्वतः उचलून भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवली. मी म्हटलं, "असू दे चाचा, लागली तर?" ते म्हणाले, "लागली तर तुला बोलवीन."

परीक्षेला कोल्हापूरचे बहिःस्थ परीक्षक आले होते. त्यांनी प्रकल्पाची पानं चाळली आणि विचारलं, "आयन-विनिमय रेझिन आणि पॉलिइलेक्ट्रोलाइट यांचा संबंध काय?" मी म्हटलं, "साखळी तीच सर, भारही तेच. साखळ्या एकमेकींना बांधल्या की रेझिन, मोकळ्या ठेवल्या की पॉलिइलेक्ट्रोलाइट." "कशावरून म्हणता?" "माझ्याकडे बांधायला काही नव्हतं. माझं रेझिन विरघळलं." ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, बसा. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पुढं मी एम.एस्सी. केलं आणि पाणी शुद्ध करण्याच्या कामातच माझं आयुष्य गेलं. मोठमोठी यंत्रं पाहिली. पण तुरटी, थेंब, वाळू, मणी या क्रमाहून वेगळं मी फारसं काही केलं असं मला वाटत नाही. आणि तो क्रम चार माणसांनी मिळून मला दिला.

निकालानंतर, मी वडूजला परत जायच्या आधी, मिरजेला चाचीच्या भाचीचं लग्न होतं. हळदीला आत्यालाही आमंत्रण होतं. दुपारची वेळ, अंगणात मांडव, नवरीला हळद लावून बायका तिच्याभोवती दाटीनं बसलेल्या. एका म्हातारीनं ढोलक पुढं ओढली आणि म्हणाली, "हमीदा, म्हण की गं. लगीन झाल्यापासनं तुझा गळा ऐकला न्हाई." मला वाटलं ती थट्टा करतेय. पण सगळ्या बायका चाचीकडे वळल्या. ती लाजून नको नको म्हणत राहिली, पदर सारखा केला, आणि मग डोळे मिटून तिनं सूर लावला. तीन वर्षं मी भिंतीपलीकडे राहिले होते, तिच्या हातचं खाल्लं होतं, आणि ती गाते हे मला ठाऊक नव्हतं. आवाज खालच्या पट्टीत, भरलेला, थोडा खरखरीत. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आत्यानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. चाची कुठंही थांबली नाही. मांडवाच्या बाहेर पुरुषांची पंगत बसायची होती आणि दस्तगीरचाचा सरबताचे पेले भरलेलं ताट घेऊन निघाले होते. ते कनातीच्या पडद्याशी आले, गाणं कानावर पडलं, आणि तिथंच उभे राहिले. आतून कुणीतरी सरबत मागितलं, बाहेरूनही हाक आली. पण गाणं संपेपर्यंत ते ताट धरून उभेच होते.